नस काढल्यावरचं दुखणं

“मॅडम, नस तर काढली, मग आता दुखतंय काय?” रूट कॅनालनंतर चार-आठ दिवस चावताना दुखलं तर त्यात नवल नाही. पण महिने उलटूनही गालफड ठणकत असेल तर प्रश्न रास्तच आहे. पेशंटचं बोट बहुधा वरच्या पहिल्या मोठ्या दाढेवर असतं आणि तिथून डोळ्याखाली सरकतं.

ती जागाच अवघड. वरच्या दाढांची मुळं आणि सायनसची पोकळी यांच्यामध्ये कधी कागदाएवढा हाडाचा पापुद्रा असतो, कधी तोही नसतो. त्यात पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा एक जादा कॅनाल दडलेला असतो. मायक्रोस्कोपशिवाय तो सहज हुकतो. तो राहिला की जंतू आत राहतात आणि वर सायनसचं अस्तर सुजतं. साध्या एक्स-रेत गालाच्या हाडाची सावली नेमकी याच मुळांवर पडते, म्हणून सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन काढावा लागतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मी आधी दाढ बघते. अशा पेशंटने सर्दीच्या नावाखाली अँटिबायोटिकचे कोर्स केलेले असतात. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

स्कॅनआधी मात्र हात. आरशाच्या दांडीने एकेक दाढ हलकेच ठोकते, दुखरी शेवटी. सगळ्याच सारख्या दुखल्या आणि खाली वाकल्यावर गाल जड होत असेल, तर सायनस नाकातून बिघडलेला असू शकतो. मग दात आवळायला सांगून जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू दाबते. “हां, हेच ते!” म्हणत काही जण खुर्चीतून उठतात. स्नायू दुखत असतो आणि खापर दाढेवर फुटतं.

यातलं काहीच सापडलं नाही तर? दाढ बधिर करून बघते. तरीही ठणका तसाच राहिला तर संशय चेहऱ्याच्या नसेवर जातो. रूट कॅनाल म्हणजे शेवटी नसेची बारीक टोकं तोडणंच. क्वचित कुणाच्या बाबतीत जखम भरते, पण नस दुखण्याचे निरोप धाडतच राहते. तोंड धुताना क्षणभर विजेसारखी कळ येत असेल तर ते दुखणं निराळं, ट्रायजेमिनल न्युरॅल्जियाचं, आणि त्याचं औषधही निराळं.

इथे खरी हुज्जत सुरू होते. नसेच्या सततच्या ठणक्यावर अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा सुचवली की नातेवाईक नेटवर बघतात आणि विचारतात, “ही तर डिप्रेशनची गोळी. तिला वेड लागलंय का?” नाही. तीच गोळी कमी मात्रेत नसेचं दुखणंही शमवते, पण गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर कुणाला असतो? “त्यापेक्षा उपटूनच टाका ना.” निर्दोष दाढ उपटली की दुखणं शेजारच्या दाढेत जाऊन बसतं, मग तिची पाळी. म्हणून न्यूरॉलॉजिस्टला चिठ्ठी देताना मी पेशंटच्या फाईलवरही ठळक लिहिते : दाढ काढू नये. तरी काही जण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन काढून घेतातच.