गाइडने किती लांब राहावं

१
हौशी स्कूबा डाइव्हरसाठी आयएसओ २४८०१ हे मानक आहे. त्यात तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवरचा देखरेखीखालीच उतरतो, १२ मीटरपर्यंत. दुसऱ्या पायरीवरचा स्वायत्त: २० मीटरपर्यंत, आपल्याच तोलाच्या जोडीदाराबरोबर, सोबत कुणी नेणारा नसताना. तिसऱ्या पायरीवरचा इतरांना घेऊन जातो.

दुसऱ्या पायरीला एक अट आहे. समुद्र सवयीपेक्षा फार वेगळा असेल तर आधी जाणकाराकडून त्याची ओळख करून घ्यायची. सुट्टीतली जवळजवळ प्रत्येक पहिली डाइव्ह या अटीत बसते.

२
अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. सकाळी डाइव्ह सेंटरच्या ओट्यावर सामान लावणं चालू. पुण्याचे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, रेग्युलेटर स्वतःचं. गाइड मालवणचा, पंचविशीतला.

"काका, पहिली डाइव्ह बारा मीटरवर करू."

"अरे, मी पस्तीस मीटर गेलोय."

"हो, लॉगबुकात बघितलं. शेवटची कधी झाली?"

काकांनी पानं उलटली. तीन वर्षांपूर्वीची निघाली.

"मग बाराच," काका म्हणाले. गाइडला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दोघांचंही मला कौतुक वाटलं.

३
वाहन परवान्यावर मुदत संपायची तारीख असते. डाइव्हिंगच्या कार्डावर नसते.

४
चांगला गाइड बोटीवर बोलतो कमी, बघतो जास्त. टँक लावून झाला की माणूस रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेतो. तेव्हा त्याची नजर गेजच्या काट्यावर असते का? श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर टँकचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. पाण्याच्या वरच्या थरात हवा मिळत राहते, खोल गेल्यावर ओढूनही पुरत नाही. हा काटा न बघणाऱ्याच्या नावावर कितीही डाइव्ह असोत, गाइडने त्याच्या हाताच्या अंतरावर राहावं.

पाण्यात गेल्यावर पाच मिनिटं पुरतात. माणूस आडवा तरंगतोय की उभा, हात मारतोय का, फिन्सनी वाळू उडवतोय का. आणि मुख्य म्हणजे, जोडीदार कुठे आहे हे मान वळवून बघतोय का.

५
"मालवणला केलंय की स्कूबा!" असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी समुद्राचा तळ बघितला हे खरं, आनंदही खरा. पण तिथे मागून टँक धरून नेणारा प्रशिक्षक होता. वर-खाली करण्याचं बटण त्याच्या हातात होतं, गेजही त्यानेच बघितलं. तो अनुभव पाण्याचा आहे, डाइव्हिंगचा नाही. गाइडने हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं.

६
हवेचा हिशेब. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून श्वासाला हवाही चौपट लागते. नेहमीचा ॲल्युमिनियमचा टँक साधारण ११ लिटरचा, २०० बारला भरलेला. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १६५० लिटर. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो, तिथे ८०. म्हणजे वीसेक मिनिटं. करंटविरुद्ध पाय मारणारा किंवा मनातून धास्तावलेला वर ३० घेतो, तिथे १२०. म्हणजे चौदासुद्धा नाहीत. उतरणं आणि परतणं त्यातच.

दर दहा मिनिटांनी हवा विचारणारा गाइड ३० मीटरवर उशिरा विचारतो.

७
डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या अभ्यासात १९९२ ते २००३ या काळातले ९४७ मृत्यू तपासले होते. संकटाची सुरुवात कशाने झाली हे जिथे कळू शकलं, तिथे हवा कमी पडणं सर्वांत वर: ४१ टक्के. जीवघेणी इजा कोणती हे जिथे कळलं, तिथे साधारण चौथा हिस्सा हृदयाचा, आणि तो चाळिशीपुढच्यांत अधिक.

हवा किती उरली हे गाइड खुणेने विचारू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, हे फॉर्मवर खरं लिहिलं तरच त्याला कळतं.

८
२५ जानेवारी १९९८, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची सेंट क्रिस्पिन्स रीफ. टॉम आणि आयलीन लोनर्गन, अमेरिकन जोडपं, दोघंही अनुभवी. बोट त्यांना पाण्यात सोडून किनाऱ्याला लागली. ते मागे राहिल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. दोघं सापडले नाहीत.

पाण्याखाली त्यांच्यावर नजर ठेवायची गरज नव्हती. बोटीवर डोकी मोजायची गरज होती. पुढे क्वीन्सलंडमध्ये मोजणीचे नियम कडक झाले.

९
स्वराज द्वीपच्या बोटीवरची मोजणी: नाव घेतलं की ज्याचं त्याने "हो" म्हणायचं. बायकोने नवऱ्याच्या वतीने "आहे, आहे" म्हटलेलं चालत नाही. परतणाऱ्या बोटीत लोक दमलेले असतात, कुणी चहा ओतत असतो, मोजणी दोनदा झाली की कुरकुर होते. तरी ती दोनदा व्हावी.

१०
आता दुसरी बाजू, आणि तीही मला तितकीच महत्त्वाची वाटते. आठ जणांची रांग, पुढे गाइड. कुणीतरी पहिल्यांदा ७० बारवर येतो आणि सगळ्यांनाच वर नेलं जातं. ज्याच्या टँकमध्ये अजून १२० बार आहेत, जोडीदारही तसाच आहे, पाणी उथळ आणि स्वच्छ आहे, त्याने का वर यायचं? ही तक्रार रास्त आहे. तिला "नियम आहे" हे उत्तर पुरत नाही. आठ जण सारख्या तयारीचे नव्हते, हे सेंटरला सकाळीच माहीत होतं. दोन गाइड लावायचे होते.

याहून वाईट म्हणजे गाइडने पाहुण्याच्या बीसीडीत, म्हणजे तरंगण्याच्या जाकिटात, स्वतः हवा भरणं, त्याला हाताला धरून फिरवणं, त्याचं गेज स्वतःच उचलून बघणं. दोन-तीन दिवसांत चांगला डाइव्हरसुद्धा स्वतःचं गेज बघायचा थांबतो. मग ज्या दिवशी गाइड दुसऱ्या कुणाच्या मदतीला वळतो, त्या दिवशी याच्याकडे बघणारं कुणीच नसतं, तो स्वतःही नाही. अशा देखरेखीला मी काळजी म्हणणार नाही.

११
फ्रान्समध्ये दुसऱ्या पातळीचा डाइव्हर गाइडबरोबर ४० मीटरपर्यंत जाऊ शकतो, गाइड नसताना २० पर्यंत. माणूस तोच. गाइडमागे चार जण.

मालदीवमध्ये हौशी डाइव्हिंगला ३० मीटरची मर्यादा, सगळ्यांना सारखी. तिथे लॉगबुक उघडून वाद घालायला जागाच नाही.

मला फ्रान्सची रीत पटते. गाइडच्या जागी असतो तर मालदीवची मागितली असती.

१२
काकांची पहिली डाइव्ह. सुरुवातीला मास्कमध्ये पाणी, मग वजन जास्त झाल्याने तळाशी घासत जाणं. गाइड दीड मीटरवर होता. त्याने हात लावला नाही, फक्त तळहाताने "सावकाश" अशी खूण केली आणि थांबला. काकांनी आपणच बीसीडीत थोडी थोडी हवा भरली. तिसऱ्यांदा जमलं. वर आल्यावर गाइडने पट्ट्यातले दोन किलो काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी डिक्सन्स पिनॅकल. ब्रीफिंगमध्ये खोली, किती बारवर वळायचं आणि "जोडीदार दिसला नाही तर एक मिनिट शोधा, मग वर या" एवढंच ठामपणे. पाण्यात गाइड काकांपासून सहा-सात मीटर लांब. काका एका भेगेपाशी बराच वेळ थांबले. त्याने घाई केली नाही.

१३
२००३. क्वीन्सलंडजवळ समुद्रतळाशी पडलेलं योंगाला जहाज. नवविवाहित जोडपं. तिच्या डाइव्ह मोजक्या, त्याने बचावाचं प्रशिक्षण घेतलेलं. ओळखीची डाइव्ह आणि सोबत गाइड, दोन्ही देऊ केलं होतं. त्यांनी नको म्हटलं. तिचा मृत्यू झाला. पुढे नवऱ्यावर खटला चालला. दंड मात्र डाइव्ह कंपनीला झाला: कंपनीच्या स्वतःच्याच नियमाप्रमाणे ती ओळखीची डाइव्ह सक्तीची होती.

"नको" म्हणायचा हक्क पाहुण्याला पहिल्या डाइव्हनंतर मिळावा.

१४
दहाब, इजिप्त. ब्लू होलमध्ये पंचावन्न मीटरच्या आसपास कमान, आणि किनाऱ्यावरच्या कड्यावर तिथे जीव गेलेल्यांच्या पाट्या. युरी लिप्स्की २००० साली तिथे वारला तेव्हा २२ वर्षांचा होता. तो स्वतः प्रशिक्षक होता.

१५
कॅमेरा आला की अनुभव चार-पाच मीटरने खाली घसरतो.

१६
पंचविशीतल्या मुलाने वडिलांच्या वयाच्या, आगाऊ पैसे भरलेल्या माणसाला "नाही" म्हणायचं, हे आपल्याकडे अवघड आहे. पाहुणा "सर" असतो. पुढचं काम पाहुण्याच्या शेऱ्यावर असतं. म्हणून शिस्त गाइडच्या स्वभावावर सोडू नये. मालकाने सकाळी सगळ्यांसमोर सांगावं की पाण्यातला निर्णय गाइडचा, आणि परतल्यावर तक्रार आली तरी तेच सांगावं. मी असा मालक पाहिला आहे. त्याच्याकडची मुलं पाण्यात घाबरत नाहीत आणि उर्मटही होत नाहीत.

१७
बेंड्सवर, म्हणजे घाईने वर आल्याने होणाऱ्या त्रासावर, उपचार करायचं चेंबर श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात. स्वराज द्वीपहून तिथे जायला मधे समुद्र, आणि रात्री फेरी नाही. इथला गाइड ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा कुणालाच चुकवू देत नाही. त्यात वय, लॉगबुक, ओळख काही बघितलं जात नाही. बघूही नये.

१८
अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडं राहायचं असतं. शेवटच्या दिवशी दोन पाहुणे आले: सकाळची एकच, उथळ, विमान तर संध्याकाळचं. दोघंही जुने डाइव्हर, नियम पाठ असलेले. गाइडने नम्रपणे नाही म्हटलं. ते शेजारच्या सेंटरवर गेले. त्याने तिकडे आधीच फोन करून विमानाची वेळ सांगून ठेवली होती.