ट्रंकेतली घडी

"आजार पोराच्या पायात, आणि रक्त दंडातून कशाला काढलं गं?" ताईने विचारले. तिच्या हातात रिपोर्ट होता. भाचा नऊ वर्षांचा. जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढायचा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकायचा. निदान झाले, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. डिस्ट्रॉफिन नावाच्या जनुकातले ४५ ते ५० क्रमांकाचे तुकडे त्याच्याकडे नव्हतेच.

मी पत्रकारितेची पदविका घेतलेली. शाळा सुटल्यावर जीवशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. पण धाकटी बहीण साप्ताहिकात आहे म्हणजे तिला सगळे ठाऊक, असा घरचा समज. मग वाचावेच लागले.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, स्नायूत तसाच रक्ताच्या पांढऱ्या पेशीतही. फरक असतो तो घडीचा. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. आणि ठेवायचा कुठे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात! म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर डीएनएची १४७ अक्षरे, जवळजवळ पावणेदोन वेढे. रिळे सैल असतील तिथले जनुक वाचता येते, गच्च असतील तिथले वाचन थांबते. आमच्या आईच्या ट्रंकेत तळाशी पैठणी असते ना, तसे. आहे, पण नेसलेली नाही. स्नायूंसाठी लागणारे डिस्ट्रॉफिन रक्तपेशी बनवत नाही, तरी त्याचे जनुक तिथे असतेच, आणि ते तपासता येते.

मी थक्क झाले ती त्याच्या लांबीने. सुमारे २२ लाख अक्षरे! पेशीला ते एकदा वाचून काढायला सोळाएक तास लागतात. त्यात कामाचा मजकूर किती? ७९ तुकडे, मिळून १४ हजार अक्षरे. शेकडा एकसुद्धा नाही. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. मधले इंट्रॉन कापून टाकले जातात. जनुके अशी तुकड्या-तुकड्यांत असतात हे १९७७ मध्ये कळले आणि रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना त्याबद्दल १९९३ चे नोबेल मिळाले.

एवढ्या पसाऱ्यात पेशी हे तुकडे हेरते कशी? कुठे कापायचे याच्या मुख्य खुणा अक्षरांतच असतात. पण २००९ मध्ये संशोधकांना दिसले, की रिळेही एक्झॉनवर जास्त बसतात, इंट्रॉनवर कमी. माणसाचा सर्वसाधारण एक्झॉन दीडशेएक अक्षरांचा, म्हणजे जवळपास एका रिळाच्या मापाचा. शिवाय त्या रिळांवर मिथाइलची एक रासायनिक खूण अधिक आढळते, धोबी कपड्याच्या कोपऱ्यात घालतो तशी. खुणेमुळे कापणे नीट होते, की कापता कापता खूण उमटते, यावर वाद आहे. मला वाटते दोन्ही असेल. पण माझ्या वाटण्याला किंमत ती काय!

ताईचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो तिने मुले झोपल्यावर विचारला. "तपासणीत माझ्यातही निघालं. मग मी कशी धडधाकट?"

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एकच. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडले, की मुलगी गर्भात असताना अगदी सुरुवातीलाच प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स मिटून ठेवला जातो. कोणता, ते नशिबावर. ताईच्या काही पेशींत सदोष एक्स मिटला, काहींत चांगला. स्नायूच्या एका धाग्यात अनेक केंद्रके असतात, त्यामुळे चांगली केंद्रके बाकीच्यांचेही बरेचसे भागवतात.

"आणि त्याच्याकडे दुसरा नव्हताच," ती म्हणाली. मला पुढे बोलवेना.

अशा आयांचे हृदय कधीकधी पुढे अशक्त होते, म्हणून डॉक्टरांनी तिलाही इको करायला सांगितले होते. दोन महिने ती टाळत होती. सकाळी पाहिले, तर भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या मंगळवारी बारीक अक्षरांत लिहिलेले, 'इको, माझा'. वर भाच्याच्या फिजिओथेरपीची वेळ होती.