मी गोदो, येतोच आहे

लेकीने पाठवलेलं पार्सल ५६ एपीओच्या वाटेने फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. आत बाकरवडी, आईने केलेलं मेतकूट आणि एक काळा टी-शर्ट. छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं: ‘मी गोदो. येतोच आहे.’

आमच्या घरात हे वेड तिने आणलं. पुस्तक वाचून झालं की ती ते अंगावर घालते. याआधी काफ्का होता. ग्रेगोर साम्साच्या नावाखाली हे एवढं मोठं झुरळ. तिच्या आजीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरळ केरसुणी उगारली होती. खुद्द काफ्काने १९१५ साली प्रकाशकाला पत्र लिहून बजावलं होतं की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा नको. हे लेकीला सांगितलं तर म्हणते, ‘म्हणून तर घालायचा, बाबा.’

आमची पिढी वेगळी. खडकवासल्याला गेल्यापासून अंगावर काय लिहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं. छातीवर नाव, खांद्यावर हुद्दा. मेसमध्ये बिनकॉलरचा टी-शर्ट चालत नाही. आणि या उंचीवर सुती कपडा आत घालून चालायला निघालात तर डॉक्टर ओरडतो. घाम धरून ठेवतो, थांबलात की तोच बर्फासारखा गार पडतो. म्हणून मी तो पिट्टूत कोंबला, रात्री बुखारीजवळ बसताना घालायला.

दोन दिवसांसाठी एका पोस्टवर गेलो होतो. (नाव लिहिता येत नाही, जुन्या लोकांना अंदाज येईल.) तिथून उतरून रजेवर निघायचं, लेकीच्या दहावीच्या पहिल्या पेपरला घरी असायचं, असा हिशेब. तिसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला. वाट बंद, हेलिकॉप्टर बंद. सकाळी सगळे आभाळाकडे बघायचे आणि मग चहा प्यायचे.

पाचव्या रात्री सुभेदारसाहेबांनी, गढवालचे ते, माझी छाती नीट वाचली. ‘साब, ये गोदो कौन है?’

म्हटलं, ‘एक नाटक है. दो आदमी पूरे नाटक में उसका इंतज़ार करते हैं. वो आता नहीं.’

‘अच्छा,’ ते म्हणाले, ‘हेलिकॉप्टर.’

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांना बेकेटबद्दल सांगितलं. नाटक १९५३ साली पॅरिसला रंगमंचावर आलं. पण त्याआधी महायुद्धात हा माणूस फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता, जर्मनांपासून पळून दक्षिणेतल्या एका खेड्यात युद्ध संपायची वाट बघत राहिला होता. वाट बघण्यातलं त्याला कळत होतं. सुभेदारसाहेबांनी मान डोलावली. एवढं पुरे होतं त्यांना.

झोपायला गेलो आणि विनोद उलटा फिरला. इतके दिवस मी स्वतःला वाट पाहणाऱ्यांत धरत होतो. टी-शर्टवर तर स्पष्ट लिहिलं होतं, मी गोदो. नाटकात एक पोरगा येऊन सांगतो की साहेब आज येत नाहीत, उद्या येतील. आमच्या घरी तो निरोप फोनवरून मीच देतो. तिच्या मुंजीएवढ्या वयापासून देतोय. गॅदरिंग, वाढदिवस, टॉन्सिलचं ऑपरेशन. ‘पुढच्या महिन्यात नक्की.’ पोरीने भांडण केलं नाही. दुकानात जाऊन छापून आणलं.

अकराव्या दिवशी आभाळ उघडलं. पुण्यात उतरलो तेव्हा तिचे तीन पेपर होऊन गेले होते. टॅक्सीत जॅकेट काढून ठेवलं. दार तिनेच उघडलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, छातीवरचं मोठ्याने वाचलं, मग नाक मुरडलं.

‘बाबा, किती दिवस धुतला नाहीयेस? काढ आधी.’

काढला. तिने तो दोन बोटांत धरून मशीनकडे नेला, आणि आतूनच ओरडून विचारलं, भूमितीचं एक प्रमेय ऐकणार का, उद्या पेपर आहे.