फुल इंजिन

जुनी जावा किंवा येझदी घेऊन कोल्हापुरात कुठल्याही गॅरेजात जा, इंजिनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हाफ करायचं का फुल?' हाफ म्हणजे वरचं काम. हेड उतरवायचं, सिलिंडर बोअर करायचा, नवा पिस्टन आणि रिंगा घालायच्या, संध्याकाळी गाडी घरी. फुल म्हणजे इंजिन फ्रेममधून खाली घ्यायचं, दोन्ही केस उघडायच्या, क्रँक बाहेर काढायचा आणि कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑइल सील असं सगळं नव्यानं बसवायचं. खर्चात तिपटीचा फरक पडतो. पन्नास वर्षं झालेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचं नुसतं हाफ काम करणं म्हणजे पैसे जाळणं, असं माझं ठाम मत आहे. ते मत ज्या कामातून झालं, त्याबद्दल लिहायचं आहे.

माझी जावा १९६९ची. निपाणीच्या एका घरातून घेतली तेव्हा तिचं नुकतंच हाफ इंजिन झालेलं होतं, बिलही दाखवलं होतं त्यांनी. पिस्टन नवा होता, फायरिंग छान होतं, पिकअपही बरा होता. पण पावसाळा संपता संपता खालून एक बारीक टक्-टक् यायला लागली आणि मागे पांढरा धूर. टू-स्ट्रोकचा नेहमीचा निळसर, थोडा गोड वासाचा धूर सगळ्यांना माहीत असतो. हा तसा नव्हता. हा दाट होता आणि गाडी तापली तरी जात नव्हता.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एकच विचारलं, "सर, गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय का?" होत होतं. "आणि गाडीखाली थेंब पडतोय?" पडत नव्हता. "मग ते जातंय कुठं, बगा तुम्हीच."

ते जात होतं इंजिनात. टू-स्ट्रोक इंजिनाची मेख इथेच आहे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत पेट्रोल-हवेचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जातं, क्रँककेसशी त्याचा संबंध नसतो. जावात कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल, ऑइल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येतात. पिस्टन खाली येताना ते मिश्रण तिथे दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे इंजिनाचा खालचा भाग हाच त्याचा पंप. तो हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची दोन रबरी सीलं. डावीकडचं, प्रायमरी चेनच्या बाजूचं सील गेलं की आतली ओढ गिअरबॉक्सचं ऑइल शोषून घेते आणि ते जळून पांढरा धूर येतो. उजवीकडचं, डायनमोच्या बाजूचं सील गेलं तर जास्त वाईट. तिथून नुसती हवा घुसते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीत सीझ होतो. वरचा पिस्टन कितीही नवा असला तरी ही दोन सीलं जुनी असतील तर उपयोग नाही, आणि ती बदलायची तर इंजिन उघडावंच लागतं. हाफ काम फसतं ते इथे.

टक्-टक् क्रँकपिनची होती. हेड आणि सिलिंडर उतरल्यावर मामांनी रॉड धरून सरळ वर-खाली हलवला आणि मला हलवायला दिला. बाजूला हलला तर चालतो, तेवढी मोकळीक त्याला लागतेच. पण उभा हलायला नको. हा हलत होता, बोटाला स्पष्ट कळत होतं.

मामांनी खर्च सांगितला. मजुरी वेगळी, मशिन शॉपचं काम वेगळं, सामान वेगळं. सामानाचे पैसे आधी, मजुरी गाडी चालू झाल्यावर. एकूण आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जात होता. तिथे बसलेल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की निम्म्यात करणारे आहेत. असतील. पण गाडीच्या टाकीला क्रोम करायला, पट्ट्या हाताने रंगवून घ्यायला लोक विचार न करता पैसे मोजतात आणि क्रँकच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतात, हे मी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत पुष्कळ पाहिलंय आणि मला ते पटत नाही. चकचकीत गाडी टेम्पोतून आणून टेम्पोतून परत नेण्यात कसली हौस? मी मामांना हो म्हटलं.

सामानाची गोष्ट मात्र नाजूक आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या सहकार्याने १९६१मध्ये या गाड्या बनवायला घेतल्या, सत्तरच्या दशकात त्यांना येझदी हे नाव दिलं आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. २०१८मध्ये जावा नावाच्या ज्या नव्या गाड्या बाजारात आल्या, त्या फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांचं सामान इथे चालत नाही. मग उरतो जुन्या दुकानदारांच्या माळ्यावरचा मूळ माल, आणि डुप्लिकेट. डुप्लिकेटमध्येही चांगलं-वाईट असतं, पण ते डबीवरून कळत नाही, मोजल्यावरच कळतं. मी आणलेला पहिला पिस्टन मामांनी मायक्रोमीटर लावून बघितला आणि परत पाठवला. पिस्टन वरून खालपर्यंत सारख्या मापाचा नसतो, पूर्ण गोलही नसतो. तो तापून फुगतो, म्हणून मुद्दाम थोडा लंबगोल आणि वरच्या बाजूला किंचित बारीक ठेवलेला असतो. मापायचा तो खालच्या बाजूला, पिनेच्या काटकोनात. त्या पहिल्या पिस्टनला हा लंबगोल नीट नव्हताच. दुसरा बसला.

आणि पिस्टन हातात आल्याखेरीज बोअर करायला सिलिंडर द्यायचा नाही, हा मामांचा नियम. जावाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, म्हणून २४९ सीसी. पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात. आधीच्या हाफ कामात अर्धा मिलिमीटर मोठा घातला होता आणि बोअर सरळ नव्हता, तेव्हा आता पाऊण. पण डबीवर ६५.७५ लिहिलंय म्हणून सिलिंडर त्या आकड्याला कापायचा नसतो. हातातला पिस्टन मापायचा, त्यात दोन-अडीच थाऊ मिळवायचे आणि तेवढाच कापायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्याशा फटीवर गाडी सीझ होणार की खडखडणार ते ठरतं.

क्रँकचं काम बघायला मी मुद्दाम थांबलो होतो. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन जाड चकत्या, मध्ये त्यांत दाबून बसवलेली पिन, पिनेवर रोलर आणि रोलरवर रॉड. प्रेसवर तो सुटा केला, नवी पिन, नवे रोलर आणि नवा रॉड घालून परत दाबला. इथपर्यंत प्रेस असलेला कुणीही करेल. पुढचं नाही. दोन्ही चकत्या एका रेषेत आल्या नाहीत तर क्रँक फिरताना डगमगतो, बेअरिंगं खातो आणि सीलंही. मामांनी क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरला, एका टोकाला डायल गेज लावलं आणि हाताने हळूहळू फिरवला. काटा सरकला, थांबला, परत आला. मामांनी चकतीवर खडूने खूण केली, क्रँक बाहेर काढून डाव्या हातात तोलला आणि तांब्याच्या हातोड्याने खुणेवर एकच ठोका घातला. परत सेंटरमध्ये. परत काटा. आता दुसऱ्या बाजूला सरकला. परत खूण, परत ठोका, या वेळी हलका. एकदा त्यांनी चकत्यांच्या फटीत पाचर घालून किंचित फाकवलं. बोलणं बंद होतं. चहा आला, गार झाला. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही, पण शेवटी काटा दोन्ही टोकांना जागच्या जागी थरथरल्यासारखा हलत होता, त्यापेक्षा जास्त नाही. "दोन शतांशच्या आत हाय," मामा म्हणाले आणि क्रँक तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

उद्यमनगरात लेथ पुष्कळ आहेत, फौंड्र्या आहेत, सीएनसीवर हजारो पार्ट कापणारी पोरं आहेत. पण हातोड्याने क्रँक सरळ करणारी माणसं आता मोजकीच उरलीत. मामांकडे गोव्याहून आणि बेळगावहून लोक क्रँक पाठवतात, गाडी नव्हे, नुसता क्रँक, खोक्यात घालून. मजुरी द्यायची ती या कामाची. स्पेअर पार्टला जीएसटीचं बिल मिळतं म्हणून तो खरा खर्च आणि हाताचं काम म्हणजे 'बघून द्या काहीतरी', ही आपली सवय या माणसांवर अन्याय करणारी आहे.

पुढचं भराभर झालं. केस तापवून बेअरिंगं बसवली, नुसत्या हाताने, ठोकाठोक न करता. बोअर झालेल्या सिलिंडरच्या प्रत्येक पोर्टची धार मामांच्या भाच्याने बारीक कानशीने मोडली. बोअर करताना त्या कडा ब्लेडसारख्या होतात आणि तशाच ठेवल्या तर रिंग अडकून तुटते. घाईत हे राहून जातं म्हणून मामा स्वतः आत बोट फिरवून बघतात. प्रायमरीच्या बाजूचे दोन स्क्रूचे आटे गेलेले होते, ते नव्याने पाडले.

फ्रेममध्ये चढवण्याआधी एक चाचणी घेतली, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. जावाला सिलिंडर एक असला तरी सायलेन्सर दोन, त्यामुळे धुराची तोंडंही दोन. ती दोन्ही आणि कार्बोरेटरचं तोंड रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद केलं, प्लगच्या जागी नळी जोडली आणि सायकलच्या पंपाने आत थोडी हवा भरली. मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. दोन्ही केसच्या जोडावर खालच्या अंगाला एक बुडबुडा हळूच फुगला. भाचा म्हणाला, एवढं चालतंय. मामांनी इंजिन परत उघडलं. जोडाच्या कडेला जुना ओरखडा होता. तो घासून सपाट केला, पॅकिंग नवं घातलं, सगळं परत बांधलं. त्याचे जादा पैसे लावले नाहीत. मी विषय काढला तर म्हणाले, "माझं काम माझ्या हातनं पुरं झालं न्हवतं, त्येचं तुम्ही कशाला द्यायचं?"

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. किक मारायची आणि गिअर टाकायचा दांडा या गाडीला एकच, त्यामुळे दांडा खाली पाडून गिअरला आणला की पायाला लगेच कळतं खाली काय चाललंय. टक्-टक् गेली होती. धूर निळा होता.

मामांनी बिल वहीच्या कागदावर लिहून दिलं. त्यात पैशांबरोबर मापंही होती : पिस्टनचं माप, बोअरचं माप, क्रँकचा फरक, सीलं बदलल्याची तारीख. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. सगळ्याच गॅरेजांनी असं करावं असं मला फार वाटतं, कारण दहा वर्षांनी हे इंजिन जो कुणी उघडेल त्याला या कागदाचा उपयोग आहे. मी तो आरसी बुकाच्या प्लॅस्टिकमध्येच ठेवला आहे.

रनिंगला सांगितलेलं असं : पहिले पाचशे किलोमीटर लिटरला ५० मिलि ऑइल, नंतर ४०. वेग चाळीसच्या आसपास, पण एकसारखा नाही, कमी-जास्त करत. पन्हाळ्याची चढण नको, मागे माणूस नको. गारगोटीच्या रस्त्यावर सकाळी लवकर निघून हे पाळलं. पाचशे झाल्यावर परत गेलो तेव्हा मामांनी हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळले आणि प्लग काढून बघितला. तपकिरी, कोरडा. मजुरीतले राहिलेले पैसे मी त्या दिवशी पूर्ण दिले.

आता डायनमो राहिला आहे. सहा व्होल्टचं चार्जिंग रात्री दिव्याला पुरत नाही, आर्मेचरचं वाइंडिंग जुनं झालंय. मामा ते करत नाहीत. त्यांनी राजारामपुरीतल्या एका वाइंडिंगवाल्याकडे पाठवलंय आणि बजावलंय, की तो सांगेल ती मजुरी द्यायची.