धुण्यात वाहून गेलेल्या पेशी

बारामतीत बायोटेक शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडे एक हुकमी उदाहरण होतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी हृदयाच्या पेशींत विषाणूने आणि लिपिडने, अशा दोन्ही मार्गांनी जनुक घातलं होतं. निष्कर्ष असा की लिपिड विषाणूइतकंच चांगलं, शिवाय स्वस्त. तो चुकीचा होता, आणि मी तो कितीतरी बॅचना फळ्यावर लिहून दिला.

मुळात पेशीच चुकल्या. मी वापरल्या त्या एच९सी२, उंदराच्या गर्भातल्या हृदयापासून केलेल्या, १९७६पासून प्रयोगशाळांत वाढणाऱ्या. त्या धडधडत नाहीत आणि विभागत राहतात. खरी हृदयस्नायूची पेशी जन्मानंतर लवकरच विभागणं जवळपास थांबवते. पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण मोडतं, तेवढ्यात लिपिडसोबत आलेला प्लाझ्मिड, म्हणजे जनुक असलेलं डीएनएचं कडं, आत सरकतो. न विभागणाऱ्या पेशीत तो बहुतेक बाहेरच राहतो. जणू ऊस कारखान्याच्या आवारात आला, पण गव्हाणीत पडला नाही. मी वापरलेला विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस, मात्र आपला डीएनए केंद्रकाच्या छिद्रातून आत सोडतो. थोडक्यात, लिपिडला मी सोपा पेपर दिला होता.

दुसरी चूक सांगताना जास्त लाज वाटते. मोजणीआधी मी प्लेट स्वच्छ धुवायचो. लिपिडने मेलेल्या पेशी तळ सोडून तरंगतात, त्या धुण्यात गेल्या. उरलेल्यांत जनुक शिरल्याने हिरव्या चमकणाऱ्या किती, एवढीच टक्केवारी काढली. मुळात किती होत्या आणि किती उरल्या, हे वहीत लिहिलंच नाही. गाईडनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग घरचा प्रकार. इंदापूर तालुक्यात, भिगवणजवळ माझे मामा. त्यांचं हृदय कमजोर झालेलं. २०१४च्या दिवाळीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की अमेरिका-युरोपात २५० रुग्णांवर क्युपिड-२ नावाची चाचणी चालू आहे, एएव्ही१ विषाणूतून सर्का२ए जनुक देतात, स्नायूतला कॅल्शियमचा पंप सुधारतो, दोन-चार वर्षांत इंजेक्शन येईल. एप्रिल २०१५मध्ये निकाल आला: फायदा नाही. पुढे काही रुग्णांच्या हृदयाचे तुकडे तपासले, तर जनुक फारच थोडं पोचलेलं. हे मी मामांना सांगितलं नाही. "का रं, आलं का तुझं इंजेक्शन?" असं त्यांनी विचारलं की मी उजनी धरणाच्या पाण्याचा विषय काढायचो.

विषाणूविना मार्ग टाकाऊ आहे असंही नव्हे. एमआरएनएला केंद्रकात जावंच लागत नाही. पुण्याच्या जेनोव्हाच्या कोविड लशीला २०२२मध्ये मान्यता मिळाली ती त्याच तत्त्वावर. पण पेशीत एमआरएनएचा परिणाम काही दिवसांचा. उलट एएव्ही९ हा विषाणू हृदयात छान शिरतो, तर त्यात डीएनएचा साधारण ४,७०० अक्षरांहून मोठा मजकूर मावत नाही.

लिपिड आणि विषाणूच्या तुलनेचा माझ्या टिपणांतला तक्ता ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कृपया खोडून टाकावा. आणि एच९सी२वर प्रकल्प करत असाल, तर धुतलेलं पाणी फेकण्याआधी त्यातल्या पेशीही मोजा.