मामा, भाचा आणि अस्वल

मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये, असं आमच्याकडे म्हणतात. एका तंबूत झोपावं की नाही, याबद्दल मात्र शास्त्र गप्प आहे. नेमक्या त्या फटीतून माझा भाचा आत शिरला.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलंय. चौथ्यांदा विचारायची लाज वाटते. गेल्या दिवाळीनंतर तो औंढा नागनाथला आमच्याकडे आला, तो पाठीवर भलंमोठं बोचकं घेऊन. बायकोला वाटलं, धुवायचे कपडे आणलेत. निघाला तंबू!

"मामा, आपण दोघं डोंगराखाली रात्र काढायची. कॅम्पिंग! पुण्याची माणसं यासाठी हजारो रुपये मोजतात."

"आणि अस्वल आलं म्हणजे?" आतून बायकोचा आवाज आला.

"अस्वल कुठलं इथं?" मी म्हटलं.

"वाघ तरी कुठला होता? २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातून गेला ना?"

हे मात्र खरं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेही टी.ए. बिल न लावता! वाटेत एक माणूस जखमी झाला, तो वाघ विसावला होता त्या झुडपात माणसंच घोळक्यानं शिरली म्हणून. म्हणजे वाघ आपल्या रस्त्यानं चालला होता. चौकशीला गेलो होतो ते आपण. पण हा मुद्दा मी बायकोपुढे मांडला नाही. पंधरा वर्षांच्या संसारात एवढं वन्यजीवन मलाही कळतं.

भाच्याकडे अस्वलाबाबतचं अमेरिकन सर्क्युलर तयार होतं. काळं अस्वल अंगावर आलं तर त्याच्याशी झुंज द्यायची. तपकिरी आलं तर निपचित पडायचं. म्हणजे आधी अंधारात अस्वलाची के.वाय.सी. करायची, मग पुढची कार्यवाही.

योगायोगानं दुसऱ्याच दिवशी माझ्या काउंटरवर जंगल खात्यातले एक रिटायर्ड गार्ड आले. हयातीचा दाखला द्यायला दर नोव्हेंबरात येतात. त्यांची बरीच नोकरी ज्ञानगंगेच्या जंगलात झालेली, आणि ते जंगल अस्वलांसाठी प्रसिद्ध. एका अस्वलानं दिलेला दाखला त्यांच्या मनगटावर अजून आहे. ते जिवंत असल्याची खात्री पटवून घेतल्यावर, जिवंत राहायचं कसं, हेही मी विचारून घेतलं.

"साहेब, अमेरिकेचं अस्वल वेगळं, आपलं वेगळं," ते म्हणाले. "आपलं खातं वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं. माणूस त्याला नको असतो. पण त्याची नजर अधू, कानही बेताचे. नाक वारुळात खुपसून ते वाळवी ओढत बसलेलं असतं आणि तुम्ही गुपचूप त्याच्याशेजारी जाऊन उभे राहता. मग ते दचकतं. दचकलेलं अस्वल पळत नाही, आधी हात चालवतं."

"मग करायचं काय?"

"बोलत चला. मोठ्यानं. त्याला आधी कळू द्या, ते आपणहून बाजूला होतं."

मला गहिवरूनच आलं. जन्मभर शाळेत, बँकेत आणि घरात 'जरा हळू बोला' हेच ऐकत आलो. जंगलात तोच दुर्गुण कामाला येणार होता.

मी शाळेच्या पुस्तकातल्या दोन मित्रांची गोष्ट काढली. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेऊन पडतो, अस्वल त्याला हुंगून निघून जातं.

गार्ड हसले. "झाडावर तुमच्या आधी तेच चढेल. मध काय खाली पिकतं? पळूही नका, पळण्यात ते तुम्हाला ऐकणार नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरा. अंगावरच आलं, तर उताणं पडायचं नाही, पालथं पडायचं. बोटं गुंतवून हात मानेवर घट्ट. पाठ देता येते साहेब, चेहरा देता येत नाही. ते चेहराच धरतं."

जाताना आणखी चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. परवानगीशिवाय जंगलात मुक्काम नाही. अंधार पडल्यावर पाणवठ्याकडे फिरकायचं नाही. तंबूची चेन कायम बंद आणि सकाळी बूट झटकून घालायचे, कारण साप-विंचवाला कॅम्पिंगची आवड आपल्यापेक्षा जुनी आहे. आणि खाण्याचा एक कणही तंबूत किंवा तंबूजवळ ठेवायचा नाही.

हे सगळं मी व्हाउचरच्या पाठीवर लिहून घेतलं आणि आम्ही निघालो. जंगल टाळून डोंगराच्या पायथ्याला ओळखीच्या एका शेतात, मालकाला विचारून, तुरीच्या कडेला तंबू ठोकला. जवळच एक लिंबाचं झाड होतं. पिठलं-भाकरी लांबवर जाऊन खाल्ली आणि उरलेलं भाच्यानं पिशवीत बांधून आणखी लांब फांदीला टांगलं. पण बायकोनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मी हळूच माझ्या उशाशी सरकवला. रात्री मला मध्येच भूक लागते. नियम अस्वलासाठी होते. माझ्या भुकेचा त्यात उल्लेख नव्हता.

औंढ्याची शांतता काही साधीसुधी नाही. गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची प्रयोगशाळा आमच्या तालुक्यात होते आहे. त्यासाठी केंद्र सरकारनं २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन हात प्रत्येकी चार किलोमीटर लांब असणार, आणि त्यांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही बारीक फरक पडला तरी तो टिपायचा. असल्या यंत्राला जमीन शांत लागते, म्हणून जी थोडी ठिकाणं पसंत पडली त्यांत आमचं गाव. रात्री दोनच्या सुमाराला तंबूबाहेर 'खर्रर्र फूं' असा आवाज आला, तेव्हा ती प्रयोगशाळा चालू असती तर माझ्या छातीची नोंद नक्की झाली असती.

पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी तंबूची चेन उघडली आणि नंतरचं दृश्य मला लिंबाच्या दुबेळक्यातून दिसलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, पायात बूट नसताना, मी एवढा वर कसा गेलो याचा हिशेब आजतागायत टॅली झालेला नाही. भाचा तंबूतच होता. तंबू उघडा होता. माझ्या उशाशी लाडू होते.

आमच्या गावातलं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, असं सांगतात. त्याच गावात मी सख्ख्या बहिणीच्या मुलाला पाठ दाखवून झाडावर बसलो होतो.

भाचा मात्र गडबडला नाही. उठून बसला, बॅटरी लावली, ताटावर चमचा वाजवायला लागला आणि मोठ्यानं बोलू लागला, "मामा, घाबरू नका! रानडुकरं आहेत! तिथंच थांबा!" तीन-चार काळ्या पाठी तुरीत घुसल्या आणि खसखस लांब गेली. मग त्यानं बॅटरी झाडावर मारली आणि पटकन खाली केली. माझा चेहरा त्याला बघायचा नव्हता. त्या अंधाराबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

सकाळी चहा घेताना मी विषय काढला. "अरे, रात्री मी जरा..."

"रानडुक्कर असलं तर झाडावर चढणं बरोबरच आहे, मामा," तो म्हणाला. बरोबर होतं. पण मी चढलो तेव्हा ते माझ्या हिशेबी अस्वलच होतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

घरी आल्यावर बायकोनं माझे खरचटलेले तळपाय पाहिले, लाडवांचा चेपलेला डबा पाहिला आणि भाच्याला एवढंच विचारलं, "मग? त्या डुकरानं कानात काय सांगितलं?"

"काही नाही मामी," भाचा म्हणाला. "लाडू छान झालेत म्हणालं."

परवा पुण्याहून त्याचा फोन आला. पुन्हा येतोय. तंबू दोघांचाच आहे आणि दुसरा माणूस त्यानं अजून बदललेला नाही. मी हो म्हटलं. या खेपेला लाडू घरी राहणार. अट मात्र एक मी आपणहून घातली आहे. आसपास झाड नसेल अशाच जागी तंबू ठोकायचा.