जुन्या फोनचा तोरा

माझ्याकडे २०१८ सालचा फोन होता आणि चारचौघांत तो मुद्दाम टेबलावर ठेवायची मला खोड होती. कोपऱ्यात तडा गेलेली काच, रंग उडालेलं कव्हर. ‘अजून हाच?’ असं कुणी विचारलं की मला हवं ते मिळायचं. ‘चालतोय की! कशाला बदलायचा?’ हे वाक्य मी इतक्या तृप्तीने म्हटलंय, की आता आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

दर सप्टेंबरात नवा आयफोन येतो. २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अ‍ॅपलचं दुकान उघडल्यापासून त्याच्या दारातली पहाटेची रांग टीव्हीवर दाखवतात. ती बघत मी चहा प्यायचे आणि रांगेतल्या प्रत्येक पोराच्या आईबापांची मनातल्या मनात कीव करायचे.

मुद्दे माझ्याकडे भरपूर होते. फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनतानाच झालेला असतो. म्हणून हातातला फोन टिकवावा तितकं बरं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि रीतसर पुनर्प्रक्रियेसाठी पोचला तो त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. बॅटरी थकलेले आयफोन सॉफ्टवेअरमधून मंद केले जातात, हे डिसेंबर २०१७ मध्ये खुद्द अ‍ॅपलने मान्य केलं. फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण मी लोकांना वाक्याचा पहिला अर्धा भागच सांगायचे. हे मुद्दे तेव्हाही खरे होते, आजही आहेत. प्रश्न एवढाच, की ते मी कुणाला ऐकवत होते.

आमच्याकडे पोळ्या करायला ताई येतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी हप्त्यावर नवा फोन घेतला. माझ्या फोनपेक्षा महाग. हौसेने दाखवायला आणला. मी ‘छान आहे’ म्हटलं आणि लगेच नो कॉस्ट ईएमआय फुकट कसा नसतो ते समजवायला लागले. व्याजाएवढी रक्कम दुकानदार सवलत म्हणून आधी वळती करतो, पण बँक व्याज लावतेच, क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. माहिती बरोबर होती. मनात मात्र वेगळंच चाललं होतं: महिना संपायच्या आत उचल मागतात, आणि फोन बघा! हे लिहिताना लाज वाटतेय, पण विचार शब्दशः हाच होता.

ताईंनी तव्यावरची पोळी उलटली. ‘हप्त्याचं कळतंय मला, वहिनी. पण जुन्या फोनवर लाडक्या बहिणीची केवायसी होईना. ओटीपी यायचा आणि फोन गोठायचा. परत चालू होईपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. पोराचा अभ्यास त्यावर येतो, गॅसचा नंबर त्यावर लागतो, तुम्ही पगारसुद्धा त्यावरच टाकता.’ आणि मग, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, त्यांनी विचारलं, ‘तुमचा बंद पडला तर तुम्ही काय करता?’

‘लॅपटॉप आहे ना,’ असं म्हणणार होते. ‘ह्यांच्या फोनवरून करते,’ असंही. तोंडून काहीच निघालं नाही, कारण दोन्ही उत्तरं मनातल्या मनातच मला ऐकू आली. माझ्या बँकेचं अ‍ॅप या जुन्या फोनवर चालेनासं झालं होतं, तेव्हापासून यूपीआय सोडून बँकेचे बाकी व्यवहार ह्यांच्या फोनवरून व्हायचे. रिक्षा बोलवायची तर मुलगी बोलवायची. रेल्वेचं तिकीट लॅपटॉपवर. लग्नाकार्यात फोटो दुसऱ्या कुणी काढायचे आणि मी ‘मला पाठव गं’ म्हणायचे. माझ्या साधेपणाच्या दिमतीला घरभर यंत्रं राबत होती आणि त्यांचा खर्च मी कधी माझ्या नावावर मांडलाच नव्हता. जुना फोन वापरणं मला परवडत होतं. ताईंना ते परवडत नव्हतं.

‘करते कसंतरी,’ असं काहीतरी पुटपुटून मी बाहेरच्या खोलीत आले. त्यांची माफी मागावी असं वाटलं, पण कशाची म्हणून मागणार? मनातल्या विचाराची? ती मागितली नाही. अजूनही नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. शेवटचं सुरक्षा अपडेट २०२१ चं. नुसत्या एका एमएमएसमधून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल अशी ‘स्टेजफ्राइट’ नावाची चोरवाट २०१५ मध्ये उघड झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षेची ठिगळं द्यायला सुरुवात केली. ही ठिगळं माझ्या फोनला कधीच मिळेनाशी झाली होती, आणि मी त्यावरून भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना यूपीआय करत होते. नवी बॅटरी टाकून भागेल ही शेवटची आशाही तिथेच संपली.

मग फोन बघायला लागले, आणि मेगापिक्सेल सोडून अपडेट किती वर्षं मिळणार तेवढंच बघायचं ठरवलं. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन आहे. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून नियमच केला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. सत्तर हजारांचा फोन सात वर्षं टिकला तर वर्षाला दहा हजार. अठरा हजारांचा तीन वर्षांत अडगळीत गेला तर वर्षाला सहा. म्हणजे हिशेबात महागडा फोन हरतो, फक्त कचरा कमी करतो. म्हणून मधला रस्ता काढला: नवं मॉडेल आल्यावर किंमत उतरलेलं आदल्या वर्षीचं.

दुकानात मात्र त्याच्या शेजारचा नवाकोरा फोन हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. तो हलका होता, काच पाण्यासारखी. विक्रेत्याला मी त्याचा ईएमआय विचारला, आणि उत्तर येईपर्यंत त्या रांगेतली पोरं आठवून हसू आलं. घेतला जुनाच, म्हणजे आदल्या वर्षीचा.

ताईंना दाखवला. त्यांनी हात पुसून उलटसुलट करून बघितला.

‘किती हप्ते?’

‘रोख घेतला.’

‘बरं केलंत. बिल आणि खोका टाकू नका हं, वहिनी. विकताना त्यावर चार पैसे जास्त मिळतात.’

खोका मी सकाळीच रद्दीवाल्याला दिला होता.